दक्षिणेकडचे नऊ पाइल

मेक्सिको सिटी, रविवार, ४ ऑगस्ट १९८५

फर्मिन,

माझं अक्षर दिसलं तर पाकीट न फोडताच तू चुलीत घालशील, म्हणून पत्ता सांतो दोमिंगोच्या कमानीखाली बसणाऱ्या टायपिस्टाकडून टाईप करून घेतला. एवढी लबाडी चालवून घे. तुझा तांपिकोचा पत्ता तुझ्या गोदीतल्या मित्राने दिला, त्याच्यावर चिडू नकोस.

सहा वर्षं झाली. आईच्या अंत्यविधीला तू आलास, कबरीच्या पलीकडे उभा राहिलास आणि माती टाकून झाल्यावर माझ्याकडे न बघता निघून गेलास. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. आजचं काम वेगळं आहे.

मिरावाये इमारतीला तुझी गरज आहे. 'मला' असं मुद्दामच लिहीत नाही, ते वाचून तू हसशील. एकोणऐंशीच्या भूकंपानंतर ती उत्तरेला एकोणीस सेंटिमीटर कलली होती. परवा मी गच्चीवरून ओळंबा सोडला. एकतीस.

नवा व्यवस्थापक आला आहे, उरुतिया नावाचा वकील. गेल्या आठवड्यात चकचकीत बूट घालून तळघरात उतरला. त्याला आपल्या धंद्याची बाराखडी शिकवताना माझ्या नाकीनऊ आले.

"हे खुंट कसले?" म्हणाला.

"पाइलांची डोकी आहेत, साहेब. अठ्ठेचाळीस. खाली तेहतीस मीटरवर कठीण थर लागतो, तिथवर गेलेले काँक्रीटचे खांब."

"म्हणजे इमारत यांच्यावर उभी आहे."

"अर्धी यांच्यावर, अर्धी चिखलावर. शहर दरवर्षी खचतं, पाइल खचत नाहीत. नुसतं पाइलांवर बसलो तर रस्ता खाली जाईल आणि आपण वर लटकत राहू. म्हणून पाइल पायाच्या स्लॅबमधून आरपार वर काढलाय. त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळे, ठोकळ्यांवर लोखंडी तुळई, आणि तुळई दोन बोल्टांनी स्लॅबला बांधलेली. इमारतीच्या वजनाने लाकूड हळूहळू चेपतं आणि इमारत शहराबरोबर खाली येते. पार चेपलं की आम्ही जॅक लावून नवं घालतो."

"नऊ मजले लाकडावर?" त्याने आपले बूट असे काही उचलले की जणू तेच चेपणार आहेत. "लोखंड घालायला काय झालं होतं?"

मी म्हटलं, "लाकूड हार मानतं, साहेब, म्हणूनच चालतं." तुझंच वाक्य. तुझं नाव घेतलं नाही.

आता ऐक. दक्षिणेच्या रांगेत नऊ पाइलांवर लाकूड नाही. कुणीतरी पोलादाचे ठोकळे बसवले आहेत आणि वरून ग्रीस फासून ठेवलं आहे. साफसफाई करताना मला दिसलं. उरुतियाला मी सांगितलेलं नाही. दक्षिण बाजू अडून बसली आहे, उत्तर बाजू शहराबरोबर खाली चालली आहे. दक्षिणेला स्लॅबखालची माती सुटली, पोकळीत माझा हात कोपरापर्यंत जातो. मोठा हिसका बसला तर तिथे पायाला धरून ठेवायला माती नाही. सगळा भार त्या नऊ डोक्यांवर येईल, आणि ती चेपणारी नाहीत.

पोलाद काढायला दोन माणसं लागतात, एक जॅकवर आणि एक नटांवर. एका पाइलला दोन दिवस, घाई केली तर इमारत धक्क्याने बसेल. तुझ्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही. ये.

अनास्तासिओ

गुरुवार, १५ ऑगस्ट

फर्मिन,

तुझं कार्ड मिळालं. उलटसुलट करून पाहिलं, कोपऱ्यात कुठे 'दादा' बिदा लिहिलंय का म्हणून. तीनच शब्द: 'पोलाद कुणी घातलं?'

नाचो मिस्त्रीने. आपल्याआधी दक्षिणेची रांग त्याच्याकडे होती, तुला आठवत असेल. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण त्याला कामाचा कंटाळा होता. आता त्याला विचारायला जायची सोय नाही. कुणी घातलं यापेक्षा कधी काढतो हे महत्त्वाचं आहे.

तू विचारशील, दुसरा माणूस का घेत नाहीस. जुनी टोळी पांगली, दोघे टेक्सासला गेले, एक देवाघरी. नवी पोरं नट सोडवतात तेव्हा बाटलीचं बूच काढल्यासारखी सोडवतात.

अजून एक गोष्ट आहे. ती आधीच लिहायला हवी होती. जूनपासून चायो इथे राहते. तुझी चायो. नवरा सीमेपलीकडे गेला तो गेलाच, पदरात चार महिन्यांची मुलगी. ओफेलियाच्या नव्या घरात लेकीला जागा नव्हती. मी गच्चीवरची धोब्याच्या शेजारची खोली तिला मिळवून दिली. तुझ्याकडे जा म्हटलं, तर म्हणाली, "काका, ज्या माणसाच्या दारूपायी अख्खी इमारत वाकली, त्याच्या दारात मी पोर घेऊन कशाला जाऊ?"

मी काय उत्तर दिलं ते विचारू नकोस.

मुलीचं नाव लुस. हसते तेव्हा तुझ्यासारखी एकाच बाजूने हसते. चायोने परवा तिचा चेंडू जमिनीवर ठेवला, तो आपला आपण उत्तरेच्या भिंतीला जाऊन लागला. चायो हसत होती. मी चेंडू उचलून ठेवला.

ये, फर्मिन. माझ्यासाठी नको येऊस.

ताचो

शुक्रवार, ३० ऑगस्ट, एक्सप्रेस टपालाने

फर्मिन,

तुझं दुसरं कार्ड काल आलं. 'नाचो ७४ साली वारला. ७५ साली तुझी पाठ धरली होती तेव्हा दक्षिणेची नऊच्या नऊ मी बदलली. लाकूडच होतं.'

पकडलंस. पकडणारच. तळघरातली प्रत्येक गोष्ट तुझ्या डोक्यात असते, हे मी दोन पत्रं लिहिताना कसा विसरलो कोण जाणे.

मी घातलं. शहात्तर सालच्या मार्चमध्ये. तू उत्तरेच्या रांगेत होतास, मी दक्षिणेच्या. माझ्या बाजूला पाण्याची टाकी आणि जिना, त्यामुळे माझं लाकूड दर पाच महिन्यांनी पापडासारखं व्हायचं, तुझं वर्षभर टिकायचं. पाठ गेली होती. रेल्वेच्या कारखान्यातून पोलादाचे तुकडे मिळाले, माप जुळलं. वाटलं, एकदाच काय ते पक्कं करून टाकावं. तुला सांगितलं नाही, कारण तू मला त्याच जॅकने हाणलं असतंस. ग्रीस मीच फासलं. तीन वर्षं माझी रांग एक मिलिमीटर हलली नाही आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकतो.

मग एकोणऐंशीचा मार्च. पहाटे जमीन हलली, इमारत वाकली, मालकांचा इंजिनिअर दुर्बीण लावून म्हणाला, उत्तर बाजू जास्त खाली गेली, उत्तरेचा माणूस कोण? तू पुढे झालास. आदल्या दिवशी तुझा वाढदिवस, तोंडाला वास होता. तू त्याला म्हणालास, "मी रस्त्याबरोबर उतरवत आलोय साहेब, माझी बाजू बरोबर आहे, दुसरी बाजू का उतरली नाही ते बघा." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दक्षिणेची लाकडं मागच्याच आठवड्यात बदलली आहेत. तो वाकूनही बघायला गेला नाही. सगळं खापर तुझ्यावर फुटलं आणि मी मूग गिळून बसलो.

आधी वाटलं, तुला दंडाची नोटीस देऊन सोडतील. मग काढून टाकलं. मग जिथे जाशील तिथे तुझ्याआधी 'इमारत वाकवणारा दारुड्या' हे नाव पोचायला लागलं, ओफेलिया पोरीला घेऊन गेली, आणि प्रत्येक वेळी मी म्हणत राहिलो की आता सांगून काय उपयोग. नोकरी जाईल, तुरुंग होईल, तळमजल्यावरची खोली जाईल. दुसऱ्या माणसाला मी का आणत नाही याचंही खरं कारण हेच. तो पोलाद बघेल आणि बोलेल. तू नाही बोलणार असं मी धरून चाललो होतो. माझी हलकटगिरी तुझ्या चांगुलपणावर उभी आहे, आणि हे लिहिताना मला स्वतःची शिसारी येते.

हे पत्र ठेव. पोलिसात दे, उरुतियाला दे, चायोला दे. फक्त आधी ये. त्या नऊ पाइलांवर एकतीस बिऱ्हाडं आहेत आणि गच्चीवर तुझी नात आहे.

दादा

तळघर, शनिवार, १४ सप्टेंबर

फर्मिन,

तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून हा कागद जॅकच्या दांड्याला अडकवून ठेवतो. दहा दिवसांत तुझे जे शब्द माझ्या वाट्याला आले ते सगळे मला पाठ झाले आहेत: 'सोड', 'थांब', 'पाव फेरा', 'पुरे'. आणि पहिल्या दिवशी एक पूर्ण वाक्य, "काम संपलं की सगळ्यांसमोर सांगायचं, चायोसमोर सांगायचं, आणि तू सांगायचंस." मी हो म्हटलं. २९ तारखेच्या रविवारी रहिवाशांची सभा आहे, उरुतियाकडून विषय घालून घेतला आहे. तो समजतो आहे मी निवृत्त होतोय.

पाच निघाले. पाचवा सोडताना लाकडाने भार घेतला तेव्हा जो बारीक आवाज झाला, तो ऐकून तू डोळे मिटलेस. मीही मिटले होते. इतकी वर्षं तो आवाज ऐकला नव्हता.

तू पहिल्या दिवशी गच्चीवर गेलास तेव्हा मी तुझ्यामागे आलो होतो, कपड्यांच्या दोरीपाशी उभा होतो. चायो म्हणाली, "आलात? नऊ जिने चढताना धाप नाही ना लागली? पिणाऱ्यांना लागते म्हणतात."

तू म्हणालास, "लागली थोडी." आणि तिच्या हातातली लंगोटांची बादली घेऊन वाळत घालायला लागलास. तिने तुला थांबवलं नाही, पण बाळही दिलं नाही. मी तोंड उघडणार होतो, शपथ घेऊन सांगतो. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी जिन्याकडे वळलो. कोपऱ्यात गुपचूप सांगून मला सुटू द्यायचं नव्हतं तुला. बरोबर आहे तुझं.

आता जिन्याखालच्या तीन पाइलांबद्दल. तू पहिल्याच दिवशी म्हणालास, आधी जिना. मीच म्हटलं, शेवटी. त्यांची झाकणं दर्शनी दालनात आहेत, येणारा-जाणारा वाकून बघेल, पोलाद बाहेर काढताना सगळ्यांना दिसेल, सभेआधीच बोभाटा होईल. तू थुंकलास आणि पान्हा घेऊन पश्चिमेच्या टोकाला गेलास. मला ते बरं वाटलं होतं. काल रात्रीपासून वाटत नाही. उरुतियाने आजपासूनच खोडा घातलाय, पंधरा-सोळाला राष्ट्रीय सण, पाहुणे येणार, ठोकाठोक बंद. म्हणजे सतरा-अठराला सहावा, मग जिना. एकोणीसपासून सहा दिवस. चोवीसला सगळं संपेल.

अम्पारोकाकू काल मला म्हणाली, "अरे ताचो, धाकट्याला जेवायला घालतोस की नुसता राबवतोस? बघ कसा वाळलाय." ती पहिल्या मजल्यावरून रोज सव्वासातला दालचिनीची कॉफी घेऊन उतरते, गुडघे धरत, कठड्याला धरून. सहा वर्षांत मला एकदाही आणली नव्हती. तिचा नवरा, चेंचोकाका, वरून ओरडतो, "बाई, ज्याने घर वाकवलं त्यालाच पाजतेस?" आणि ती म्हणते, "तुम्ही ट्राम चालवायचात तेव्हा दोनदा रुळावरून उतरवली होतीत, मी जेवायला घातलंच की." तू हसलास. एकाच बाजूने. मी बोल्टमागे तोंड लपवलं.

हा कागद वाचून फाड किंवा ठेव. मंगळवारी साडेसहाला खाली असेन.

ताचो

पुश्किन बागेतल्या ताडपत्रीखालून, सोमवार, ३० सप्टेंबर

फर्मिन,

हे पत्र चायोने वाचावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. तुला त्यातलं अर्धं माहीत आहे, तेवढं सोसून घे. तुम्ही तिघं एकवीसला बसमध्ये बसलात तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "काका, तुम्ही नसता तर आम्ही आज नसतो." तू खिडकीबाहेर बघत होतास. मी तिला थोपटलं. तो हात मला अजून धुवावासा वाटतो.

चायो, बाळ, हे तुझ्यासाठी. इमारत तुझ्या बापाने वाकवली नाही. मी वाकवली. पायाखालच्या नऊ पाइलांवर लाकूड असायला हवं होतं, तिथे मी आळसापोटी पोलाद घातलं आणि नाव त्याचं जाऊ दिलं. त्याच्या तोंडाला त्या दिवशी वास होता तो आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचा. त्या दिवसाआधी तो कामावर कधी पिऊन आला नव्हता. नंतर प्यायला लागला असेल तर तेही माझ्याकडेच येतं.

आता एकोणीस तारखेबद्दल. फर्मिन, तू लाकडाच्या वखारीत गेला होतास, सातव्यासाठी ठोकळे आणायला. मी जिन्याखालचं पहिलं झाकण उघडून खाली उतरलो होतो. सात वाजून गेले होते. आधी आवाज नव्हता. खाली साचलेलं पाणी एका बाजूला सरकलं, परत आलं, पुन्हा सरकलं. मग सगळी इमारत डोलायला लागली आणि पाइलांची डोकी स्लॅबमधून वर येऊ लागली, खाली जाऊ लागली, माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर. आपण घातलेली सहा लाकडं ओरडत होती. दबत होती, सुटत होती, पुन्हा दबत होती, आणि प्रत्येक वेळी भार घेत होती. मी मोठ्याने म्हणत होतो, शाब्बास, शाब्बास, घोड्याला म्हणतात तसं.

पोलादवाल्या तिघांना दबताच येत नव्हतं. त्यांच्या तुळया आधी वाकल्या. मग बोल्ट तुटले, एकापाठोपाठ सहा, बंदुकीसारखे. स्लॅबखाली पोकळी होतीच. तो कोपरा हातभर खाली आदळला आणि माझ्या डोक्यावर जिना तुटल्याचा आवाज झाला. दीड-दोन मिनिटं चाललं असेल. थांबलं तेव्हा मी गुडघाभर पाण्यात होतो आणि पाण्यावर दालचिनीचा वास होता.

पुढचं तू पाहिलंस. तू धावत आलास, शेजारच्या गच्चीवरून शिडी टाकून चायोला आणि लुसला काढलंस, मग बाकीची बिऱ्हाडं मागच्या अंगणातून. दुपारी आपण दोघांनी काकूला बाहेर काढलं. तू तिचे पाय धरले होतेस, मी खांदे. कपाचा कान तिच्या बोटात तसाच होता. चेंचोकाका फुटपाथवर खुर्ची टाकून बसला होता आणि एकसारखा विचारत होता, "ती वर आहे ना? मी अंघोळीला गेलो होतो. ती वर आहे ना?"

मी पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतं तर तू ऑगस्टच्या दहा तारखेला आला असतास. अठरा दिवसांत नऊ निघाले असते. ऑगस्ट संपायच्या आत. मी दोन पत्रं खोटी लिहिली आणि सव्वीस दिवस घालवले. आणि त्यानंतरही तू आधी जिना म्हणत होतास.

काल सभा झाली. इमारतीत जायला बंदी आहे, म्हणून इथेच बागेत, ताडपत्र्यांच्या मधे. आजूबाजूच्या गल्ल्यांत काय झालंय ते तू पाहूनच गेलास, मिरावाये उभी राहिली याचं लोकांना अप्रूप आहे. सरकारी इंजिनिअर तळघर बघून गेले आणि म्हणाले, दक्षिणेची नवी लाकडं नसती तर सगळीच गेली असती. झालं. उरुतिया खुर्चीवर चढला. म्हणाला, "धाकट्याने वाकवलेली इमारत थोरल्याने सावरली. एकतीस कुटुंबं आज या माणसामुळे जिवंत आहेत." सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपिणीने माझ्या हाताचा मुका घेतला.

खरं सांगतो, फर्मिन, बरं वाटलं. टाळ्या चालू होत्या तोवर मी मनात हिशेब करत होतो की तू तांपिकोला आहेस, चायो तिथे आहे, माझं पत्र तू कुणाला दाखवणारा नाहीस. एवढा वेळ होता माझ्याकडे.

मग मी बोललो. कसं बोललो आठवत नाही, नीट बोललो नाही एवढं नक्की. रेल्वेचे तुकडे, ग्रीस, तुझा वाढदिवस, दोन खोटी पत्रं, जिना शेवटी ठेवायला मी लावलं ते, सगळं उलटसुलट. शिंपिणीने हात आपल्या एप्रनला पुसला. उरुतिया खुर्चीवरून उतरला आणि म्हणाला, "तुम्ही दमलाय, उद्या बोलू." मी म्हटलं, "साहेब, उद्या मी ठाण्यात जाणार आहे, तिथेही हेच सांगणार." आज सकाळी जाऊन आलो. बाहेर लांब रांग आहे, हरवलेल्या माणसांच्या नातेवाइकांची. माझं नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, आधी मेलेल्यांचं होऊ दे, मग बोलावू. तेव्हा मी इथेच आहे.

सभेत कुणीतरी ओरडलं, "मारा याला." कुणी मारलं नाही. मग चेंचोकाकाने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"जिन्याखाली किती होते?" त्याने विचारलं.

"तीन."

"ते काढायला किती दिवस लागले असते?"

"सहा."

तो बराच वेळ बोटं मोजत बसला. मग म्हणाला, "तुझा भाऊ कुठे राहतो?"

"तांपिकोला."

"त्याला लिहितोस ना अजून?"

"लिहितो."

"मग लिही. म्हणावं, अम्पारो तुला कधी दारुड्या म्हणाली नाही. मी म्हणायचो. रोज जिन्यावरून ओरडायचो, त्याला ऐकू जावं म्हणूनच ओरडायचो. माझी चूक झाली म्हणावं. त्याने तिला उचललं तेव्हा हळू उचललं, ते मी पाहिलं. माझ्या वतीने माफी माग त्याची."

मी म्हटलं, लिहितो. त्याने मला ते शब्द परत म्हणून दाखवायला लावले, एकही गाळू नये म्हणून. मी म्हणून दाखवले. मग त्याने आपली खुर्ची उचलली आणि इमारतीकडे तोंड करून ठेवली, माझ्याकडे पाठ.

त्याचा निरोप वर दिला आहे, जसाच्या तसा. माझ्यासाठी त्याने काही सांगितलं नाही. काही म्हणेल म्हणून मी बराच वेळ त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो. लोक पांगले, ताडपत्रीखाली कुणीतरी सूप वाटायला सुरुवात केली, आणि मी तिथेच उभा होतो.